दिसायला एक, पाठवायला दोन : ‘वऱ्हाडे’ आडनाव न सापडण्याचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं हे प्रकरण. कंपनी सभासदांकडून सोयाबीन आणि तूर घेते. सभासदाचं नाव शोधायचं, टोकन काढायचं, काट्यावर वजन झालं की पावती द्यायची, एवढ्या कामासाठी त्यांच्याकडे एक वेब ॲप आहे. गट क्रमांक, बँक खातं, शेअर, मागच्या हंगामातली विक्री असं सगळं त्या नावाला जोडलेलं. नाव सापडलं नाही की पुढचं सगळं अडतं.

ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली आणि खरेदी केंद्रावरच्या ऑपरेटर ताईचा मला फोन आला. “भाऊ, मानूस कट्टे घेऊन समोर उभा हाय, अन् हे म्हनते सभासदच नाही. कुऱ्ह्याचे लोक त आलेच की वापस जातात.” पडद्यावर यायचं ते वाक्य होतं ‘सभासद आढळला नाही’. मागे रांग, बाहेर ट्रॅक्टर, भाड्याचा मीटर चालू. ताईने कोणीही केलं असतं तेच केलं. शेतकऱ्याला रिकाम्या हाताने पाठवण्यापेक्षा नवी नोंदणी करून टोकन दिलं. माल उतरला, पण नव्या नोंदीत शेअर शून्य, त्यामुळे सभासदाचा जादा दर त्या पावतीला लागला नाही. अडचण एका बटणाची राहिली नाही, ती लोकांच्या पैशावर आली.

कंपनीत तोवर तीन तर्क झाले होते. पहिला, कुऱ्ह्याची यादी चढवायची राहिली असेल. दुसरा, नेट. केंद्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, दुपारी लाइन जाते, म्हणून आपल्याकडे कुठलाही बिघाड आधी नेटच्या नावावर टाकला जातो. तिसरा, ब्राउझर जुनं काहीतरी धरून बसला असेल. पहिला तर्क ऑफिसातच पडला, कारण तिथल्या संगणकावर कुऱ्ह्याचे सभासद व्यवस्थित दिसत होते. उरलेल्या दोघांसाठी वाद घालायची गरज नव्हती. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय बोलणं झालं ते ब्राउझर स्वतःच दाखवतो, ते उघडून वाचायचं.

नेटवर्क टॅबने काय काय बाद केलं

फोनवर सांगत गेलो आणि ताईने केंद्रावर केलं. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडायचा, वर ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅश’ या दोन्ही चौकटींवर खूण करायची, मग नेहमीसारखं नाव शोधायचं. पहिली खूण केली की पान बदललं तरी आधीच्या ओळी पुसल्या जात नाहीत. दुसरीमुळे ब्राउझर साठवलेलं उत्तर न वापरता दर वेळी सर्व्हरला विचारतो.

शोधाची एक ओळ उमटली. स्टेटस, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचा कोड, २००.

त्या एका आकड्याने बरंच काही निकालात निघालं. नेट तुटलं असतं तर ओळ लाल होऊन ‘फेल्ड’ दिसलं असतं, कोड आलाच नसता. लॉगिन संपलं असतं तर ४०१ आला असता, नाहीतर ३०२ येऊन लॉगिनच्या पानाकडे पाठवणी झाली असती. परवानगी नसती तर ४०३. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम कोसळला असता तर ५००, आणि पुढच्या प्रॉक्सीला (विचारणा पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरला) मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळालं नसतं तर ५०४. साइजच्या रकान्यात ‘डिस्क कॅश’ लिहिलेलं नव्हतं, म्हणजे उत्तर ताजं होतं. टायमिंगमध्ये सर्व्हरची वाट पाहण्याचा भाग छोटासा होता, म्हणजे सर्व्हर दमलेलाही नव्हता. आणि रिस्पॉन्समध्ये, म्हणजे खुद्द उत्तरात, काय होतं? एक उघडता चौकोनी कंस, एक मिटता चौकोनी कंस, मध्ये काही नाही.

रिकामी यादी आणि २००, हे शोधासाठी बरोबरच उत्तर आहे. सर्व्हर म्हणतोय, तुम्ही दिलेल्या अक्षरांनी मी शोधलं, काही मिळालं नाही. चूक पुढे होते. पडदा या उत्तराचं ‘हा माणूस सभासद नाही’ असं करून टाकतो आणि काट्यावरचा माणूस ते खरं धरतो. हिरवा २०० बघून अनेक जण इथेच थांबतात आणि ‘सर्व्हर ठीक आहे, डेटा बघा’ म्हणून मोकळे होतात. पण २०० एवढंच सांगतो की विचारणा पोचली आणि तिचं उत्तर आलं. आपल्याला जे विचारायचं होतं तेच विचारलं गेलं का, हे त्यात नसतं. ते रिक्वेस्टमध्ये, म्हणजे पाठवलेल्या विचारणेत, बघावं लागतं.

रिक्वेस्टचा पेलोड टॅब उघडला, त्यात सर्व्हरला पाठवलेला मजकूर दिसतो. नाव : वऱ्हाडे. गाव : कुऱ्हा. ताईने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता. मी तेच नाव माझ्या लॅपटॉपवर टाईप केलं आणि सभासद लगेच समोर आला. सर्व्हर तोच, ॲप तेच, लॉगिनचे अधिकारही तेच.

मग ताईला म्हटलं, तुमच्या चौकटीतलं नाव आणि गाव कॉपी करा, व्हॉट्सॲपवर टाका. मी ते तिथून उचलून माझ्याकडे चिकटवलं. यादी रिकामी! माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच नेटवर. बिघाड केंद्रावरच्या संगणकात किंवा हॉटस्पॉटमध्ये असता तर तो व्हॉट्सॲपने माझ्याकडे आला नसता. तो अक्षरांतच होता.

टक्क्यांच्या मागे

वेब पत्त्यात देवनागरी अक्षरं जशीच्या तशी जात नाहीत. पत्त्यात कोणती चिन्हं चालतात हे २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या मानकात ठरलेलं आहे. बाकीच्या अक्षरांचे आधी बाइट करायचे आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हामागे दोन आकड्यांत लिहायचा, अशी रीत. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करायच्या प्रचलित रीतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे पत्त्यात त्याच्या ९ जागा. ब्राउझर हे गुपचूप करतो, आणि पेलोड टॅबमध्ये आपल्या सोयीसाठी ते पुन्हा उलगडून सुबक मराठीत दाखवतो. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये काही दिसत नव्हतं. क्रोममध्ये तिथेच ‘व्ह्यू यूआरएल-एन्कोडेड’ असं बटण आहे, ते दाबलं की खरी साखळी दिसते. हेडर्स टॅबमधल्या पत्त्यातही ती तशीच असते.

दोन साखळ्या एकाखाली एक ठेवल्या. सोळाच्या पायातले आकडे (० ते ९, मग ए ते एफ) इथे देवनागरीत लिहितो.

मी टाईप केलेलं : %ई०%ए४%बी५ · %ई०%ए४%बी१ · %ई०%ए५%८डी · %ई०%ए४%बी९ …

केंद्रावरचं : %ई०%ए४%बी५ · %ई०%ए४%बी० · %ई०%ए५%८डी · %ई२%८०%८डी · %ई०%ए४%बी९ …

दोन्हींत ‘व’ सारखाच. पुढे माझ्याकडे ‘बी१’, केंद्रावर ‘बी०’. मग दोन्हीकडे हलंत. त्यानंतर केंद्रावरच्या साखळीत एक जादा चिन्ह, ज्याची सुरुवातच ‘ई२’ ने होते, म्हणजे ते देवनागरीच्या घरातलं नाहीच. तिथून पुढे सगळं जुळतं. माझं नाव ७ चिन्हांचं, पत्त्यात ६३ जागा. ताईचं ८ चिन्हांचं, ७२ जागा.

‘बी१’ वालं चिन्ह म्हणजे ‘ऱ’, युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातला, यू+०९३१. ‘बी०’ वालं म्हणजे साधा ‘र’, यू+०९३०. आणि ते उपरं चिन्ह म्हणजे यू+२००डी, झिरो विड्थ जॉइनर. त्याला स्वतःचा आकार नाही, पण शेजारच्या अक्षराने कसं दिसायचं ते त्याच्यावर ठरतं. ‘र’ला हलंत जोडून पुढे ‘ह’ लिहिला तर एरवी रफार होतो. मध्ये हा जॉइनर आला की रफाराऐवजी आडवा अर्धा र होतो, आपला वऱ्हाडातला र. युनिकोडची मुख्य रीत ‘ऱ’ आणि हलंत ही आहे. जॉइनरची रीत १९९६ च्या युनिकोड २.० शी सुसंगती राहावी म्हणून मानकातच ठेवलेली आहे. म्हणजे ‘वऱ्हाडे’ आणि ‘वर्‍हाडे’ यातलं कुठलंच अशुद्ध नाही. फॉन्ट दोघांनाही एकसारखं काढतो आणि मराठी वाचकाला ते एकच नाव आहे. डेटाबेसला मात्र ते एक नाही. इथे पोस्टग्रेस होता, आणि नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकुरांच्या तुलनेच्या नियमांत) तो दोन मजकूर बाइट जुळले तरच समान धरतो.

केंद्रावरच्या संगणकात टायपिंगचं एक जुनं साधन होतं, ते जॉइनरच्या रीतीने लिहायचं. बहुतेक सभासदांची नोंदणी गावोगाव फिरून मोबाइलवर झालेली, ती सगळी ‘ऱ’ची. म्हणून केंद्रावर कुऱ्हा हे जवळजवळ अख्खं गावच गायब होत होतं. गावाच्या नावातच ते अक्षर! दर्यापूरकडचे सासुरवाडीचे पाहुणे सापडत होते आणि गावातला माणूस सापडत नव्हता.

मग उरलं एक कोडं, ज्याने सगळ्यांना आधी गोंधळात टाकलं होतं. काही जुने सभासद केंद्रावर बरोबर सापडायचे आणि ऑफिसात सापडायचे नाहीत. ते कंपनीच्या पहिल्या यादीतले निघाले. ती यादी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाईप केलेली होती आणि रूपांतर करून ॲपमध्ये घातलेली. रूपांतरात प्रत्येक आडव्या अर्ध्या ‘र’मागे जॉइनर बसला होता. केंद्र त्यांच्याशी जुळत होतं, ऑफिस जुळत नव्हतं. ‘कधी सापडते, कधी नाही’ ही ताईची तक्रार अक्षरशः खरी होती.

तीच विचारणा पुन्हा पाठवून

तर्क जुळला तरी मला तो हाताने तपासायचा असतो. नेटवर्क टॅबमधल्या ओळीवर उजवी कळ दाबली की ‘कॉपी ॲज कर्ल’ मिळतं. कर्ल म्हणजे टर्मिनलवर आज्ञा टाईप करून विचारणा पाठवायचं साधन. ब्राउझरने पाठवलेली विचारणा, सगळ्या हेडरांसकट, टर्मिनलवर जशीच्या तशी पुन्हा पाठवता येते. ती पाठवली, यादी रिकामी आली. मग पत्त्यातला ‘बी०’ बदलून ‘बी१’ केला आणि ‘ई२’ पासूनचे ते तीन बाइट काढले, नावात आणि गावातही. बाकी एका चिन्हालाही हात लावला नाही. सभासद आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि तीही पडद्यावर नाही तर प्रत्यक्ष जाणाऱ्या मजकुरात. माझ्या मते यासारखा पुरावा दुसरा नाही.

दुहेरी नोंदी का झाल्या हेही इथेच कळलं. नाव, गाव आणि गट क्रमांक मिळून एकच नोंद असावी असा नियम डेटाबेसमध्ये होता. तरी नव्या नोंदणीच्या पोस्ट (माहिती जमा करणाऱ्या) विचारणेला २०१ मिळत होता, म्हणजे ‘नोंद तयार झाली’. खरं तर ४०९ यायला हवा होता, म्हणजे ‘आधीच्या नोंदीशी टक्कर’. एकाच शेतकऱ्याची तीच माहिती केंद्रावरून आणि माझ्याकडून चाचणीच्या सर्व्हरवर पाठवून कंटेंट-लेंग्थ, म्हणजे पाठवलेल्या मजकुराची लांबी, पाहिली. केंद्राची ६ बाइटने जास्त. आडनावात एक जॉइनर, गावात एक. नियम पाळला जात होता, पण त्याच्या दृष्टीने ही दोन माणसं होती.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण तिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. कर्लच्या त्या मजकुरात लॉगिनची कुकी, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी खूण, असते. सगळ्या ओळी एकत्र साठवणारी एचएआर फाइल काढली तर तिच्यात कुकीही असू शकते आणि रिस्पॉन्समधून आलेली शेतकऱ्यांची खाती, मोबाइल क्रमांक तर असतातच. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ओक्टा या लॉगिनची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मदत विभागाकडे ग्राहकांनी पाठवलेल्या अशाच फाइलींमधून चोरांनी चालू सेशन उचलले होते, ग्राहकांत क्लाउडफ्लेअर ही इंटरनेट सेवा देणारी कंपनीही होती. क्रोम आता नेहमीच्या निर्यातीत कुकी आणि ऑथोरायझेशन गाळतो, पण रिस्पॉन्समधला मजकूर गाळत नाही. म्हणून ताईकडून मी एचएआर मागवली नाही, पत्त्याची ती एक ओळ मागवली. आणि काम झाल्यावर त्या लॉगिनमधून बाहेर पडून पुन्हा आत जायला सांगितलं, म्हणजे जुनी कुकी निकामी.

दुरुस्तीत कुठे पाय घसरतो

ॲप सांभाळणाऱ्या मुलाने पहिला उपाय सुचवला तो असा : अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकू. ऐकायला सरळ, पण याने नाव सुधारत नाही, तिसरंच होतं. ‘वर्‍हाडे’मधला जॉइनर काढला की उरतं ‘वर्हाडे’, ‘हा’वर रफार. ते ना ऑफिसशी जुळतं ना केंद्राशी. उलट टोकाला जाऊन प्रत्येक अर्ध्या ‘र’चा ‘ऱ’ करावा, तर वर्धा, आर्वी, दर्यापूर, सूर्यवंशी सगळे मोडतात. तिथे रफारच हवा.

दुसरी सूचना होती युनिकोडचं सामान्यीकरण, एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांना एका रूपात आणणं. ते हवंच. ‘र’खाली वेगळा नुक्ता देऊन कोणी ‘ऱ’ केला असेल तर एनएफसी त्याचा एक ‘ऱ’ करून देतं. पण जॉइनरला ते हात लावत नाही, आणि लावू नये. म्हणून क्रम असा ठरला : आधी एनएफसी. मग एकच नेमका नियम, ‘र’, हलंत, जॉइनर असा त्रिकूट दिसला तर त्याच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत. त्यानंतर उरलेले जॉइनर काढायचे. पहिली दोन पावलं आधी आणि तिसरं शेवटी, हा क्रम उलटला की पुन्हा ‘वर्हाडे’.

इंटरनेटवर सर्रास मिळणारी एक कृती मात्र मी हट्टाने बाहेर ठेवली. चिन्हं सुटी करायची आणि ‘जोडचिन्हं’ काढून टाकायची, अशी ती कृती. रोमन अक्षरांवरच्या टिंबा-रेघांसाठी ती ठीक. देवनागरीत त्याच वर्गात हलंत आहे, नुक्ता आहे, उकार आहेत, मात्रा आहे, अनुस्वार आहे. ती चालवली तर ‘वऱ्हाडे’चं ‘वरहाड’ होतं.

हे सगळं मूळ नावावर करायचं नाही हेही ठरलं. नाव माणसाने जसं लिहिलं तसंच पावतीवर छापायचं. बाजूला शोधासाठी एक वेगळा स्तंभ, त्यात ठाकठीक केलेलं रूप. शोधताना विचारणेतल्या नावालाही तेच नियम लावायचे, आणि हे सर्व्हरच्या दारातच, ब्राउझरमध्ये नाही. उद्या कोणी दुसऱ्या ॲपमधून किंवा एक्सेलमधून नोंदी आणेल, तेव्हा ब्राउझरमधला नियम कामाचा नसतो. एकच-नोंदीचा नियमही त्या नव्या स्तंभावर हलवला. गट क्रमांक देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांत मिसळून लिहिले जात होते, तेही याच निमित्ताने एका रूपात आले. विदर्भात मोबाइलवर हिंदी कीबोर्ड ठेवलेले पुष्कळ असतात, त्यामुळे ‘ड’खाली नुक्ता येतो. शोधाच्या स्तंभातून तो नुक्ता काढला. एनएफसीनंतर ‘ऱ’ एकसंध चिन्ह असतं, म्हणून सुटा नुक्ता काढताना त्याला धक्का लागत नाही.

पडद्यावरचं वाक्यही बदललं. आता ‘या नावाने नोंद मिळाली नाही, मोबाइल किंवा गट क्रमांकाने शोधा’ असं येतं आणि नव्या नोंदणीचं बटण त्या दुसऱ्या शोधानंतरच उघडतं. माझ्या दृष्टीने ही दुरुस्ती बाइटांच्या दुरुस्तीइतकीच महत्त्वाची आहे. काट्यावर उभ्या माणसाला ‘तू सभासद नाहीस’ असं सांगायचा अधिकार रिकाम्या यादीला नाही.

जुन्या नोंदी

दुहेरी नोंदी शोधायला ॲपच्या पुढे असलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची नोंदवही (लॉग) उपयोगी पडली. ॲपच्या स्वतःच्या नोंदवहीत नावं उलगडून लिहिलेली, म्हणून तिथे सगळं एकसारखं. एन्जिनएक्स मात्र विचारणेची ओळ जशी आली तशीच लिहितो, टक्क्यांसकट. ‘%ई२%८०%८डी’ शोधलं की जॉइनर असलेली प्रत्येक विचारणा समोर. त्यातून केंद्रावरच्या अशा जागा वेगळ्या काढल्या, जिथे शोधाला नुसत्या रिकाम्या यादीएवढं उत्तर गेलं आणि लगेच मागोमाग नोंदणीच्या पोस्टला २०१ मिळाला. संशयित जोड्यांची यादी अशी तयार झाली. (याच नोंदवहीत पत्त्यातून गेलेली नावं वर्षानुवर्षं साठतात. नावापुरतं चालेल, पण आधार क्रमांक किंवा खातं पत्त्यातून कधीही पाठवू नये. ती तपासणीही आम्ही त्याच वेळी केली.)

जोड्या आपोआप एकत्र केल्या नाहीत. ऑपरेटर ताई आणि एक संचालक काका सातबारा आणि पासबुक घेऊन बसले, प्रत्येक जोडी पाहिली, मगच नव्या नोंदीवरची पावती जुन्या सभासदत्वावर वळवली. जादा दराचा फरक तुरीची आवक सुरू व्हायच्या आत खात्यांवर गेला. काही जोड्यांत नाव, आडनाव, गाव सगळं जुळत होतं, पण गट क्रमांक आणि खातं वेगळं. ते चुलतभाऊ निघाले, वडिलांचं नाव विचारल्यावर उलगडलं. त्या नोंदी वेगळ्याच ठेवल्या, आणि वडिलांचं नाव आता नोंदणीत सक्तीचं केलं आहे.